पाच मासे आणि आठचा पीळ

जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या जुन्या माणसाला तोळा म्हणजे किती विचारलं तर तो अजूनही बारा मासे सांगतो, आणि मासा म्हणजे आठ गुंजा. इंग्रजांनी 1833 मध्ये हा तोळा आपल्या मापात बसवला आणि 180 ग्रेन ठरवून टाकला. म्हणजे मासा झाला 15 ग्रेनचा. हे गणित मला सोन्यासाठी कधी लागलं नाही, तेवढं सोनं घरात नाही. लागलं ते रायफलच्या गोळ्यांसाठी. त्या जगात अजून सगळं ग्रेनमध्येच चालतं. भाचा अमेरिकेतल्या मोंटानाहून विचारतो, "मामा, पंचावन्न लेऊ का पंच्याहत्तर?" आणि मी मनात जवळपास पावणेचार मासे आणि पाच मासे असे दोन ढीग मांडून बघतो.

पण वजन हा खरं तर नंतरचा प्रश्न. गोळ्यांची खोकी वजनावर विकली जातात, दुकानातल्या फळ्या वजनाप्रमाणे लावलेल्या असतात, माणसंही वजनाच्याच भाषेत बोलतात. नळीला मात्र वजनाशी फारसं देणंघेणं नसतं. नळी लांबी बघते. लांब, नेमकी जाणारी गोळी हवी असेल तर आधी आपली नळी किती लांबी झेलते ते बघ, मग खोक्याकडे वळ, हे मी त्याला नाना तऱ्हेनं सांगत आलोय.

मी बंदूक चालवणारा माणूस नाही. एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये लेथ, ग्राइंडर आणि मायक्रोमीटर यांच्या संगतीत नोकरी गेली. भाचा अमळनेरचा. इंजिनिअर होऊन तिकडे गेला, ग्रीन कार्ड मिळाल्यावर रायफल घेतली, आणि बघता बघता गॅरेजात टेबल मांडून आपली काडतुसं आपणच भरायला लागला. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. तिकडे हा छंद सर्रास चालतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथल्या कोणी हे वाचून हात शिवशिवू देऊ नयेत. माझा सहभाग व्हॉट्सॲपपुरता. तो कॅमेऱ्यासमोर कॅलिपर धरतो, मी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "झालं का तुमचं गोळीपुराण?"

तशी रायफलची गोळी आमच्या मुलखाला परकी नाही. भुसावळजवळ वरणगावची आयुध निर्माणी 1964 पासून लष्करासाठी काडतुसं बनवते, 5.56 आणि 7.62 मिलिमीटर हे तिथले नेहमीचे आकडे. भाच्याच्या .22-250 रायफलची गोळीसुद्धा त्या 5.56 वाल्या गोळीच्याच व्यासाची, .224 इंच. पुंगळी वेगळी, दारू कितीतरी जास्त, त्यामुळे वेगही जास्त. पण नळीतून जाणारा तुकडा तेवढ्याच जाडीचा.

आता लांबीचं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे भिलांचा तीरकमठा ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना तीर किती लांब असतो आणि पिसं कुठे लावतात ते माहीत आहे. पिसं शेपटाला. वजन पुढे, लोखंडी पात्यात. त्यामुळे हवेचा जोर तीराच्या तोलबिंदूच्या मागे पडतो आणि तीर जरा तिरका झाला की हवाच त्याला सरळ करते. रायफलच्या गोळीचं नेमकं उलटं. नाक निमुळतं आणि हलकं, शिसं सगळं मागे. हवेचा जोर तोलबिंदूच्या पुढे पडतो आणि हवा तिला सतत उलथून टाकायला बघते. गोळी जितकी लांब तितकी ही उलथवणारी तरफ लांब. तिला नाकासमोर ठेवायचा एकच उपाय: गरगर फिरवायची. भोवरा फिरताना का पडत नाही हे शाळेत शिकवतात, तेवढ्यावर इथलं काम भागतं.

फिरवण्यासाठी नळीत आटे असतात. लेथवर आटे पाडलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, हा सरळ लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात किती पुढे सरकतं त्याचा, मामला आहे. चौदाचा पीळ म्हणजे 14 इंचांत एक पूर्ण फेरा, आठचा पीळ म्हणजे 8 इंचांत. आकडा लहान तितका पीळ घट्ट. रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीनं 1965 मध्ये .22-250 आपल्या कारखान्यात बनवायला घेतली ती चौदाच्या पिळात. त्या काळी या रायफलीतून लोक हलक्या, आखूड गोळ्या प्रचंड वेगानं मारत, आणि त्यांना चौदा पुरत होता. भाच्यानं सेकंडहँड घेतलेली रायफल त्याच वळणाची.

कुठल्या लांबीला किती पीळ, याचं सूत्र 1879 चं आहे. इंग्लंडमधल्या वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी ते मांडलं. व्यासाचा वर्ग करा, 150 नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा. जे येईल तो पीळ, सगळं इंचांत. वेग सेकंदाला 2,800 फुटांच्या वर असेल तर 150 ऐवजी 180 घेतात. मला या सूत्रात काय आवडलं तर त्यात वजनाला जागाच नाही. गोळी शिशाची आहे एवढं गृहीत धरलंय, बस. .224 च्या गोळीसाठी 180 घेऊन उलटं गणित केलं तर चौदाचा पीळ साधारण 16.4 मिलिमीटर लांबी सांभाळतो, आणि आठचा पीळ 28.7. आता याहून नेमकी सूत्रं आहेत. डॉन मिलर यांचं हवा, वेग, वजन सगळं धरतं आणि स्थिरतेचा एक आकडा देतं. तो 1 च्या खाली गेला की गोळी कोलमडते, जाणकार 1.5 च्या आसपास धरायला सांगतात. पण पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं करायचं तर ग्रीनहिल अजून उत्तम.

खरं-खोटं करायला इतिहास आहेच. अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलची सुरुवातीची नळी चौदाच्या पिळाची होती, आणि तिची 55 ग्रेनची गोळी सुमारे 19 मिलिमीटर लांब. नेहमीच्या हवेत ती जेमतेम सांभाळली जायची. आर्क्टिकच्या थंडीत चाचण्या घेतल्या तेव्हा ती डगमगायला लागली आणि पीळ बाराचा केला गेला. ग्रीनहिलच्या सूत्रात बारा घालून बघा, 19 मिलिमीटरच येतात. पुढे एम-16ए2 ला एकदम सातचा पीळ दिला गेला. तो 62 ग्रेनच्या मुख्य गोळीसाठी नव्हे. तिच्याबरोबरच्या, वाटेत उजेडाची रेघ सोडणाऱ्या ट्रेसर गोळीसाठी. ट्रेसरच्या शेपटात जळणारा मसाला भरायचा असतो, म्हणून ती लांबलचक. वजनात मुख्य गोळीपेक्षा फार वेगळी नसलेल्या त्या एका गोळीनं साऱ्या सैन्याच्या नळीचा पीळ ठरवला.

थंडीचा मुद्दा आम्हा खानदेशींना उलट्या बाजूनं कळतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो. हवेचा दाब सारखाच धरला तर उणे 20 अंशांची हवा 45 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास पाव पटीनं दाट असते. भाचा जानेवारीत बर्फात कोयोटच्या, तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, मागे जातो ती हवा अशी. तिथे गोळी उलथवायला हवेच्या हातात जास्त जोर. जी गोळी आमच्या उन्हाळ्यात मिलरच्या हिशेबानं 1.5 वर आरामात बसेल, तीच तिकडच्या हिवाळ्यात 1.2 च्या खाली येते. मोंटानाची उंची हवा थोडी विरळ करते, तेवढी सवलत मिळते; तरी पीळ काठावर निवडू नये तो याचसाठी. उन्हाळ्यातल्या निशाणावर खूश होऊन हिवाळ्याची खात्री देणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

उन्हाची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त धोक्याची: तापलेली दारू जास्त दाब देते. उन्हात उभ्या गाडीत तापलेलं काडतूस आणि सकाळच्या गारव्यातलं काडतूस एकसारखं वागत नाही. दारूच्या प्रमाणाबद्दल मी भाच्याला एक अक्षर सांगत नाही. ते कंपनीच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सावकाश वर. इंटरनेटवरचं तर मुळीच नाही, मामाचंही नाही.

लांब गोळीसाठी एवढा आटापिटा का, तर वाऱ्यासाठी. वाऱ्यानं गोळी किती सरकते याचा नियम बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. हवा नसतीच तर गोळीला तिथवर जायला जो वेळ लागला असता, आणि प्रत्यक्षात जो लागतो, त्या दोहोंतला फरक काढायचा. वारा आपला हिशेब तेवढ्याच वेळाचा लावतो. उशीर किती झाला, एवढंच तो बघतो. म्हणून एखादी लांब, सुबक गोळी नळीतून हळू निघूनही 300 यार्डांवर वेगवान आखूड गोळीपेक्षा कमी सरकते. आखूड गोळी सुसाट निघते आणि वाटेत वेग गमावत जाते. नळीच्या तोंडाशी मिळालेल्या वेगावर जीव टाकणारे लोक मला नव्या गाडीचं मायलेज सोडून फक्त टॉप स्पीड विचारणाऱ्यांसारखे वाटतात.

हवेतून सरकण्याचा गुण मोजायला बॅलिस्टिक कोएफिशंट नावाचा आकडा असतो, जितका मोठा तितका चांगला. इथे हॉर्नडी कंपनीच्या व्ही-मॅक्स गोळ्यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. जी-1 पद्धतीनं 55 ग्रेनच्या गोळीचा आकडा .255, 60 ग्रेनच्या गोळीचा .265. आणि या दोहोंपेक्षा हलक्या 53 ग्रेनच्या गोळीचा? .290. नाक लांब आणि निमुळतं केलं, काम झालं. वजनाच्या फळीवरून गोळी उचलणारा माणूस हिला हलकी म्हणून ओलांडून पुढे जाईल. लांब पल्ल्याच्या 75 ग्रेनच्या, पाच माशांच्या गोळीचा त्याच कंपनीच्या ईएलडी मॅच मालिकेतला आकडा .467 आहे, तो गट वेगळा, त्याला आठसारखा घट्ट पीळ लागतो. हे सगळे जी-1 चे आकडे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या सपाट बुडाच्या गोळ्याशी केलेली तुलना. बूड निमुळतं असलेल्या लांब गोळीसाठी जी-7 ची तुलना जास्त खरी, आणि तिचे आकडे दिसायला लहान असतात. एका खोक्यावर जी-1 आणि दुसऱ्यावर जी-7 वाचून गोळ्यांची तुलना करू नये.

लांबी मोजतानाही डोळे उघडे हवेत. प्लास्टिकच्या टोकाची गोळी कॅलिपरमध्ये लांब दिसते, पण ते टोक वजनानं नगण्य असतं. पीळ काढताना ते पूर्ण लांबीत धरलं तर गोळी उगाच अवघड वाटते. तांब्याच्या गोळीचं उलटं. तांब्याची घनता 8.96, शिशाची 11.34. तेवढंच वजन तांब्यात बसवायचं तर गोळी लांब होणार, म्हणजे पीळ घट्ट लागणार. कॅलिफोर्नियात 2019 च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे, कारण मारलेल्या जनावरातले शिशाचे कण गिधाडं-गरुड खातात. तिथल्या जुन्या चौदाच्या नळ्यावाल्यांना नेहमीच्याच वजनाची तांब्याची गोळी चालत नाही असं दिसतं, आणि ते गोळीला शिव्या देतात.

मग सगळ्यांनी सरसकट आठचा पीळ घ्यावा, असं मात्र नाही. भाच्यानं नळी बदलून आठची बसवली आणि कपाटात उरलेल्या, शिशावरचं तांब्याचं कवच पातळ असलेल्या हलक्या गोळ्या तिच्यातून मारून बघितल्या. आवाज झाला, धक्का बसला, कागद कोरा. पुन्हा मारली, पुन्हा कोरा. मित्रानं शेजारी उभं राहून दुर्बिणीतून बघितलं तेव्हा नळीपासून थोड्या अंतरावर हवेत एक करडी रेघ उमटून विरताना दिसली. गोळी वाटेतच फाटत होती. हिशेब सोपा आहे: सेकंदाला 3,700 फूट वेग आणि चौदाचा पीळ असेल तर मिनिटाला 1,90,000 फेरे, आठच्या पिळात 3,33,000. आमचा लेथ हजार-दीड हजारावर फिरला तरी चकमधला तुकडा सैल नाही ना म्हणून आम्ही दोनदा बघायचो. ही कवचं मुद्दाम पातळ ठेवलेली असतात, लागताक्षणी गोळीचा चुरा व्हावा आणि ती दगडावरून उसळून भलतीकडे जाऊ नये म्हणून. चुरा जमिनीवर व्हायचा तो हवेतच झाला. काही खोक्यांवर वेगाची मर्यादा छापलेली असते, ती वाचायची असते.

उलट चूक केली तर कागद वेगळं बोलतो. आठच्या लायकीची लांब गोळी जुन्या चौदाच्या नळीतून मारली की भोक गोल पडत नाही, किल्लीच्या छिद्रासारखं लांबट पडतं, कधी तर अख्ख्या गोळीची आडवी आकृती. ते भोक कॅमेऱ्यासमोर धरलेलं मी पाहिलंय. कडा फाटलेल्या, एका बाजूला शिशाचा काळसर डाग. निशाण किती चुकलं हे मोजण्यात तिथे अर्थच उरत नाही.

पीळ जुळला की माझ्या आवडीचं काम सुरू होतं. एकाच खोक्यातल्या गोळ्या भाच्यानं शेंड्यापासून बुडापर्यंत मोजल्या आणि वैतागला: एकही आकडा दुसऱ्याशी जुळेना. मी त्याला विचारलं, डेटम, म्हणजे माप घ्यायचा आधार, कुठला धरलास? पोकळ टोकाच्या गोळीचा शेंडा म्हणजे कवच दाबून मिटवलेलं तोंड, ते कधीच समतल नसतं. तिथून मोजणं म्हणजे खडबडीत कास्टिंगच्या कडेवरून ड्रिलिंगचं माप घेणं. नाकाची कमान जिथे पूर्ण व्यासाला येऊन नळीच्या आट्यांना टेकते, तो घेर धरायचा. कॅलिपरच्या जबड्याला लावायचा छोटा कंपॅरेटर मिळतो, त्यात गोळी टेकवली की बुडापासून त्या घेरापर्यंतचं माप मिळतं. तसं मोजल्यावर त्याच गोळ्या इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास एकमेकींना धरून निघाल्या. काही वेगळ्या पडल्या, त्या त्यानं नळी तापवण्यासाठी बाजूला ठेवल्या. चांगल्या कंपनीची गोळी महाग का, याचं उत्तर त्या कवचाच्या एकसारख्या जाडीत आहे. एका बाजूला कवच जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर तोल ढळतो, आणि घट्ट पिळात तो ढळलेला तोल जास्तच जाणवतो.

त्या घेरापासून आट्यांपर्यंत गोळीला नळीत किती मोकळी उडी घ्यावी लागते, यावरही निशाण बदलतं. बिल डेव्हिस यांनी 1980 च्या दशकात अतिशय लांब नाकाच्या गोळ्यांचा आराखडा केला. त्या हवेतून सुरेख जातात, पण उडीच्या बाबतीत फार चिकित्सक. साध्या गोलाईच्या नाकाच्या गोळ्या मानानं सोशीक. नवख्यानं आधी सोशीक गोळी घ्यावी असं माझं मत. आणि गोळीची परीक्षा तीन नेमांवर करू नये. तीन भोकं एका ठिकाणी पडलेला कागद व्हॉट्सॲपवर टाकायला ठीक आहे. दहा मारल्यावर जो घोळका दिसतो तो त्या गोळीचा खरा स्वभाव.

आता हे सगळं कशासाठी, हेही बोलायला हवं. या गोळ्या मुळात प्रेअरी डॉग नावाच्या, खारीच्या जातीच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यासाठी. गुरांच्या कुरणात त्यांच्या वसाहती असतात, आणि पशुपालक त्यांना उपद्रवी धरतात. आमच्याकडे रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत मका आडवा करतात, हरभरा खाऊन टाकतात, त्यामुळे शेतकऱ्याची चीड मला समजते. पण रावेर-यावलच्या शेतात रात्रभर जागणारा माणूस आणि दुर्बीण लावून दिवसभर टेबलावर बसणारा हौशी यांत फरक आहे. त्या प्रेअरी डॉगवरच जगणारं काळ्या पायांचं फेरेट हे मुंगसासारखं जनावर नामशेष झालं असं समजत होते. 1981 मध्ये वायोमिंगमधल्या मिटीत्सीजवळ ते पुन्हा सापडलं. भाच्याला मी सांगितलं, कागद मार, लोखंडी पट्टी मार, वारा शिकायला तेवढं पुरतं. तो कोयोटचं बोलणं काढतो, मी विषय बदलतो.

सध्या त्याचं असं चाललंय: जुनी चौदाची नळी त्यानं टाकली नाही, ती दुसऱ्या रायफलीवर चढवली आणि तिच्यासाठी आखूड गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. आठच्या नळीला 75 ग्रेनची. दोन्ही डब्यांवर वजन बारीक अक्षरांत आणि पीळ ठळक, मार्करनं. जमलेल्या गोळीचं खोकं संपत आलं तेव्हा तो पुढचं मागवणार होता. मी म्हटलं, आधी लॉट नंबर वाच. कंपनी तीच, वजन तेच, नाव तेच असलं तरी साचा घासला की नव्या लॉटमध्ये नाकाचा घेर थोडा पुढे-मागे येतो, आणि मग उडीचं माप पुन्हा पहिल्यापासून काढायचं. दुकानदाराला जुन्याच लॉटची तीन खोकी सापडली. बाकीची नव्या लॉटची आहेत, ती रविवारी कॅलिपरखाली येतील.